मशीन बरोबर आहे

११ सप्टेंबर

डॉक्टर म्हणाले, बायकोत काय काय बदल दिसतात ते लिहून ठेवत जा, पुढच्या वेळी उपयोग होईल. म्हणून हे लिहायला घेतलं. शाळा सुटल्यापासून मी बिलावरच्या दोन ओळींपलीकडे काही लिहिलेलं नाही. जमेल तसं लिहीन.

रोगाचं नाव लांबलचक आहे, ते इथे लिहीत नाही. मेंदूतून स्नायूंकडे जाणाऱ्या नसा एकेक करून काम सोडतात म्हणे. हिच्या बाबतीत सुरुवात जिभेपासून झाली. बरेच दिवस हिचा 'र' आणि 'ळ' घसरत होता, आणि आम्ही दातांच्या डॉक्टरकडे चकरा मारत होतो.

मी विचारलं, औषध काय? ऑपरेशन होतं का? आणखी मोठ्या हॉस्पिटलात नेऊ का? प्रत्येक प्रश्नाला डॉक्टर टेबलावरचं पेन इकडचं तिकडे ठेवत होते. हिने एकच विचारलं, "आधी काय जाईल, आवाज की हात?"

"आवाज," डॉक्टर म्हणाले.

हिने मान हलवली. बसची वेळ कळल्यावर हलवावी तशी. उभा जन्म वॉर्डात सिस्टर म्हणून गेला, त्यामुळे असेल. मला मात्र बाहेर आल्यावर स्कूटरची किल्ली सापडेना. हातातच होती.

तिथेच बोलण्याचे व्यायाम घेणाऱ्या एक बाई बसतात. त्यांनी कामाचं सांगितलं. आवाज आहे तोवर ठरावीक वाक्यं रेकॉर्ड करून ठेवायची. एक प्रोग्राम आहे, तो त्यातून तसाच आवाज तयार करतो. पुढे बोलता येईनासं झालं की टाइप करायचं, आणि कॉम्प्युटर हिच्याच आवाजात बोलणार. घरच्या कॉम्प्युटरवर चालतो.

हे एक बरं झालं. करण्यासारखं काहीतरी आहे.

१५ सप्टेंबर

कॉम्प्युटर लेकीच्या कॉलेजच्या वेळचा. ती नोकरीला परगावी गेल्यापासून त्यावर फोटो आणि माझ्या दुकानाची बिलं, एवढंच. प्रोग्राम टाकला तर मशीनने धापाच टाकायला सुरुवात केली. पडद्यावर वाक्य येतं, ते हिने वाचायचं, मग गोल चक्र फिरत राहतं. ते थांबलं की पुढचं वाक्य. वाक्यंही कुठून आणली आहेत देव जाणे. "निळ्या डब्यात आठ ढब्बू बटणं खणखणतात." सगळे उच्चार यावेत म्हणून तशी असतात म्हणे. ही हसत सुटली. हसताना तोंडातून लाळ आली, ती पदराने पुसली आणि पुढचं वाक्य वाचलं.

चक्र फिरत असताना ही हातावर हात ठेवून शांत बसते. मला ते बघवत नाही. बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, मेमरी कमी पडते आहे. तुमच्यात चार जीबी आहे, आठ तरी हवी.

लेक फोनवर म्हणाली, "बाबा, नवीन कॉम्प्युटर घ्या ना. मी इथून पाठवते."

मी म्हटलं, "याला काय झालंय? एक भाग कमी पडतोय, तेवढा घालू. चालू वस्तू टाकून देणारा मी नाही."

माझं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान आहे. लोकांनी भंगारात काढलेली मशीनं मी चालू करून दिली आहेत. कॉम्प्युटरची पेटी उघडली. आत मेमरीच्या दोन खाचा आहेत, एकीत पट्टी आहे आणि दुसरी रिकामी. बघून इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू! जागा रिकामी आहे म्हणजे प्रश्न सुटल्यातच जमा.

२० सप्टेंबर

सुटला नाही. बाजारातल्या पहिल्या दुकानातून चार जीबीची पट्टी आणली. लांबी तीच, रुंदी तीच, पण बसेना. नीट पाहिलं तर पट्टीच्या खालच्या कडेला जो छोटा काप असतो, तो खाचेतल्या दांडीपासून केसभर बाजूला. माझा हात सवयीने कानशीकडे गेला. आमच्या धंद्यात केसभर म्हणजे काही नाही, दोनदा घासलं की बसतं.

"अहो, दाबू नका," ही दारातून म्हणाली. मी खरंच दाबत होतो.

पट्टी घेऊन दुसऱ्या दुकानात गेलो. तिथे एक बाई बसतात, चष्मा डोक्यावर आणि शोधतात टेबलावर. त्यांनी पट्टी बघितली आणि माझ्याकडे बघितलं. "काका, तुमचा बोर्ड डीडीआर-थ्रीचा. ही डीडीआर-फोर. पुढची पिढी."

"मेमरीलाही पिढ्या असतात?"

"असतात, आणि एकमेकींशी पटत नाही. म्हणून तर काप वेगळ्या जागी ठेवलाय, चुकून कोणी बसवू नये म्हणून."

कानशीचं मी काही बोललो नाही. जुन्या पिढीची पट्टी त्यांच्याकडे नाही, मागवावी लागेल. "मागवा," म्हटलं.

२९ सप्टेंबर

बदल: पाणी पिताना ठसका लागतो. फोनवर बोलणं लोकांना कळत नाही, म्हणून हिने फोन घेणं सोडलं. पूर्वी हिने वॉर्डाच्या एका टोकाला 'पाय खाली घ्या' म्हटलं की दुसऱ्या टोकाचे पेशंट पाय खाली घ्यायचे, असं हिच्या मैत्रिणी सांगतात.

रेकॉर्डिंग चालू आहे, मुंगीच्या गतीने. आज सकाळी ही म्हणाली, "मला तुमच्याशी जरा बोलायचंय."

मी पेटीतली धूळ ब्रशने काढत होतो. म्हटलं, "पट्टी येऊ दे, एकदा हे मार्गी लागलं की निवांत बोलू. आत्ता आवाजाला ताण नको."

"बरं," म्हणाली, आणि वाक्यं वाचायला बसली.

७ ऑक्टोबर

लेक दोन दिवसांसाठी येऊन गेली. आल्या आल्या कॉम्प्युटरची उघडी पेटी बघून तिने कपाळाला हात लावला. "बाबा, अजून हेच? मी उद्या जाऊन नवीन घेऊन येते."

"पट्टी निघालीय तिकडून. आज-उद्या पोचेल."

"पण तोवर आईचा आवाज..."

"मला कळतं ते," मी म्हटलं. जरा जोरातच म्हटलं असेन.

दुपारी मी चहा घेऊन गेलो तेव्हा दोघी आतल्या खोलीत होत्या. हिचं बोलणं आता हळू आणि जड झालंय, पण लेकीला कळतं. ही म्हणत होती, "असू दे गं. करू दे त्यांना. तेवढंच हाताला काम आहे." लेक रडत होती.

हल्ली मी दुकान दुपारीच बंद करतो, त्याविषयी बोलणं चाललं असावं. लेकीने त्यात रडण्यासारखं काय होतं! मी आत जाऊन सांगितलं, दुकानाची काळजी करू नका, गिऱ्हाईक कुठे पळून जात नाही. दोघी माझ्याकडे बघत राहिल्या.

१६ ऑक्टोबर

आली! आणि बसली! 'खट्' असा आवाज झाला, दोन्ही बाजूंचे चाप आपोआप मिटले. बटण दाबलं, पडदा उजळला आणि मेमरी आठ जीबी दाखवली. मी हिला ओढतच आणून दाखवलं.

आणताना दुकानातल्या बाई म्हणाल्या होत्या, "काका, जुनी काढून ठेवा आणि एकसारख्या दोन घाला. जोडीच येते. ही नवीन वेगळ्या गतीची आहे. कधीकधी दोन वेगळ्या एकत्र घातल्या की त्रास देतात."

"सुरूच होणार नाही का?"

"तसं नाही, सुरू होईल बहुतेक. पण भरवसा नाही."

आता चांगली चालू पट्टी काढून कपाटात ठेवायची? मला ते पटत नाही. दोन वेगळ्या कंपन्यांचे भाग घालून मी मशीनं चालवली आहेत, ती आजही शिवताहेत. आणि बघा, झालं की सुरू. चक्र येतं आणि लगेच जातं. हिने एका बैठकीत आधीच्या आठवड्यापेक्षा जास्त वाक्यं वाचली. थकली, पण मीच म्हटलं, अजून थोडी होऊन जाऊ दे, आता मशीन थांबवत नाही.

खूप दिवसांनी नीट जेवलो.

३० ऑक्टोबर

रोज सकाळी आणि संध्याकाळी रेकॉर्डिंग. वाक्य वाचायला हिला आता श्वास पुरत नाही, मध्ये थांबावं लागतं. काल म्हणाली, "आज राहू दे." मी म्हटलं, "थोडीच उरली आहेत. एकदा संपवून टाकू."

हिने वाचली. संपल्यावर उशीला टेकून डोळे मिटून बसली. मी पाठीवरून हात फिरवला. म्हटलं, शाब्बास. वॉर्डातली सिस्टर शोभतेस.

बदल: भाताची शितं घशात अडकतात. सगळं मिक्सरमधून काढावं लागतं. डाव्या हाताची पकड कमी.

१२ नोव्हेंबर

सगळी वाक्यं झाली! आज फायली घेऊन व्यायामवाल्या बाईंकडे गेलो. त्या तपासून देतात, मग प्रोग्राम आवाज बांधतो. ही घरीच थांबली. आता बाहेर पडलं की दमते.

बाईंनी कानाला हेडफोन लावले. एक फाइल ऐकली, दुसरी ऐकली. मग पुढे पुढे जात राहिल्या. चेहरा बघून मला वाटलं हिचा आवाज ऐकून त्यांना वाईट वाटतंय.

त्यांनी हेडफोन काढून माझ्याकडे दिले. "तुम्हीच ऐका."

हिचा आवाज येत होता, आणि मध्येच कागद टराटरा फाडल्यासारखा आवाज. मग अर्धा शब्द. मग नुसती खरखर. पुढच्या फाइलमध्येही तेच. त्यापुढची उघडलीच नाही.

"यातल्या बहुतेक खराब झाल्यात," बाई म्हणाल्या. "माइकमुळे असं होत नाही. साठवताना बिघडल्यात. कॉम्प्युटरमध्ये काही बदल केला होता का?"

मी म्हटलं, "मेमरी वाढवली."

१३ नोव्हेंबर

दुकानातल्या बाईंकडे पेटीच उचलून नेली. त्यांनी मेमरी तपासायचा प्रोग्राम लावला. जरा वेळ काही नाही, मग पडद्यावर लाल ओळ. मग दुसरी, मग लाल ओळींची रांगच लागली. बाईंनी आवाज खाली आणून विचारलं, "दोन्ही एकत्र घातल्या होत्या?"

मी होय म्हटलं. त्या पुढे काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

एकेकटी लावून पाहिली तर दोन्ही पट्ट्या निर्दोष. जुनीही चांगली, नवीही चांगली. एकत्र घातल्या की चुकतात. आणि चुकतात ते कळू देत नाहीत. शिलाई मशीन बिघडलं तर धागा तुटतो, टाका सुटतो, सुई मोडते. माणसाला समजतं. हे मशीन सुरळीत चालतंय असं दाखवत होतं आणि आत सगळं नासवत होतं.

बाईंनी एकसारख्या दोन पट्ट्यांची जोडी काढून ठेवली होती. ती बसवली. तपासणीत एकही लाल ओळ नाही.

घरी येऊन हिला सांगितलं. कसं सांगितलं ते आठवत नाही. हिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "चहा घ्या आधी." ते 'चहा'सुद्धा मला दुसऱ्यांदा म्हटल्यावर कळलं.

१५ नोव्हेंबर

पुन्हा रेकॉर्ड करायला बसलो. 'निळ्या डब्यात' एवढं वाचायला हिला खूप वेळ लागला, आणि मागून ऐकलं तर ते शब्द नव्हतेच, नुसता लांब सूर होता. दुसरं वाक्य मी पुढे आणलं. हिने माझा हात माऊसवरून उचलून बाजूला ठेवला.

लेकीला फोनवर सांगितलं. मी "हॅलो, हॅलो" करत राहिलो. शेवटी म्हणाली, "बाबा, मी नंतर करते."

अजून केलेला नाही.

२१ नोव्हेंबर

व्यायामवाल्या बाईंचा फोन. पट्टी घालण्याच्या आधीची वाक्यं चांगली आहेत. ती चक्र फिरत असताना थांबून थांबून वाचलेली, सप्टेंबर-ऑक्टोबरमधली. तेवढ्यावर आवाज बांधता येईल. पूर्ण नाही, तुटक येईल, पण ओळखू येईल.

म्हणजे जुनं मशीन जसं होतं तसं ठेवलं असतं तर सगळी वाक्यं झाली असती. हळू, पण झाली असती. हे मी दोनदा मनात म्हणून पाहिलं. तिसऱ्यांदा म्हणवलं नाही.

९ डिसेंबर

आवाज तयार झाला. हिने उजव्या हाताच्या एका बोटाने टाइप केलं, आणि स्पीकरमधून ही बोलली.

"अहो."

मी स्वयंपाकघरात होतो. हातातलं भांडं तसंच ठेवून धावत बाहेर आलो. आवाज सप्टेंबरमधला, 'र' थोडा घसरलेला, 'ळ'च्या जागी 'ल' येतो. पण हीच. मी दाराला धरून उभा राहिलो. हिने पुन्हा टाइप केलं, "दूध उतू जातंय."

जात होतं खरंच.

१४ जानेवारी

आजचं नीट लिहायला हवं.

डॉक्टरांचा फोन होता. हिला तिकडे नेणं आता अवघड, म्हणून फोन स्पीकरवर टाकून हिच्यासमोर ठेवला. ही कॉम्प्युटरपुढे खुर्चीत, मानेला पट्टा लावलेला. डॉक्टर म्हणाले, छातीचे स्नायू कमजोर होत चाललेत. आणखी काही आठवड्यांत श्वास पुरणार नाही. गळ्याला छेद देऊन नळी बसवता येते आणि व्हेंटिलेटर घरी ठेवता येतो. पण ते करायचं असेल तर आत्ताच ठरवलेलं बरं.

मी म्हटलं, "करायचं. त्यात विचारण्यासारखं काय आहे? जे लागेल ते करायचं."

"नको."

फोनमधून डॉक्टरांनी विचारलं, "कोण बोललं?"

"मशीन बोललं," मी म्हटलं. "थांबा डॉक्टर, यात मागेही गडबड झाली होती. काहीतरी चुकलंय. मी दुरुस्त करून परत फोन लावतो."

फोन बंद केला. पेटी उघडली. दोन्ही पट्ट्या काढल्या, त्यांचे सोनेरी पाय खोडरबराने पुसले, पुन्हा बसवल्या, चाप मिटले. मग तपासणी लावली. दुपारभर ती चालली. ही समोर बसून माझ्याकडे बघत होती. मी हिच्याकडे बघत नव्हतो, पडद्याकडे बघत होतो. देवाशपथ सांगतो, आयुष्यात पहिल्यांदाच मी एखाद्या यंत्रात दोष निघावा म्हणून वाट बघत होतो.

एकही लाल ओळ आली नाही.

प्रोग्राम पुन्हा सुरू केला. हिने बोट उचललं. एकेक अक्षर.

"मशीन बरोबर आहे. मीच म्हणाले."

मी जमिनीवरच बसलो. पेटीचं झाकण मांडीवर होतं. म्हटलं, "अगं, पण का?"

हिने बराच वेळ टाइप केलं. बोट थांबायचं, विसावायचं, पुन्हा चालायचं. मी मध्ये बोललो नाही. मग मशीन बोलायला लागलं.

"वॉर्डात कोपऱ्यातल्या खाटेवर एक मास्तर होते. हाच आजार. नळी बसवलेली. नळी मीच साफ करायचे. ते डोळ्यांनी काय सांगत होते ते आम्हा सगळ्या सिस्टरांना कळायचं. घरच्यांना कळत नव्हतं. ते फार चांगले लोक होते. काही कमी पडू देत नव्हते."

"मला आधी का नाही सांगितलंस?"

"सांगायला आले होते."

हिने बोट उचलून तसंच ठेवलं होतं. मग टाइप केलं, "तुम्ही पेटी साफ करत होता."

हिच्या चेहऱ्यावर आता हसू उमटत नाही, त्यामुळे हिने ते रागाने म्हटलं की कसं, मला सांगता येणार नाही. मी हिच्या गुडघ्याला कपाळ टेकलं. हिने हात माझ्या डोक्यावर ठेवायचा प्रयत्न केला, तो कानावर पडला आणि तिथेच राहिला.

१५ जानेवारी

डॉक्टरांना मीच फोन लावला. "मशीन ठीक आहे," म्हटलं. "ती नको म्हणतेय." डॉक्टर म्हणाले, "आणि तुम्ही?" मी म्हटलं, "तिला विचारलंय तुम्ही."

लेकीलाही सांगितलं. मला वाटलं ती ओरडेल. ती म्हणाली, "मला ऑक्टोबरपासून माहीत आहे, बाबा. तुम्हाला कसं सांगायचं तेच आम्हाला सुचत नव्हतं." मग म्हणाली, "मी येते. राहायलाच येते."

८ मार्च

बोट थांबलं. व्यायामवाल्या बाईंनी डोळ्यांवर चालणारा कॅमेरा वापरायला दिला. पडद्याखाली बसवायचा. ही ज्या अक्षराकडे बघेल ते उमटतं. दिवसाला चार-पाच वाक्यं, त्यापुढे डोळे पाणावतात.

लेक इथेच आहे. ती आणि ही जुने फोटो बघतात. मला हाक मारतात. आता मी लगेच जातो.

२८ एप्रिल

ही सोमवारी गेली. सकाळी, झोपेत. लेक डाव्या बाजूला होती, मी उजव्या.

लोक येऊन गेले. आज घर रिकामं आहे. दुपारी लेकीने विचारलं, "बाबा, आई शेवटचं काय बोलली?" त्या वेळी ती औषधं आणायला बाहेर गेली होती. मी तिला सांगितलं, आणि इथे लिहून ठेवतो.

रविवारची दुपार होती. त्या कॅमेऱ्याला ऊन चालत नाही. डोळ्यांवर उजेड पडला की त्याला बुबुळं सापडत नाहीत. त्यामुळे तो आल्यापासून खिडकीचा पडदा दिवसभर ओढलेला असायचा आणि आम्ही दिवा लावून बसायचो. हिने तशी तक्रार कधी केली नव्हती.

त्या दुपारी हिने खूप वेळ घेऊन लिहिलं, "पडदा उघडा."

मी म्हटलं, "अगं, ऊन आत आलं की कॅमेरा बंद पडेल. तुला बोलता येणार नाही."

हिचे डोळे पुन्हा अक्षरांवर फिरले. "माहीत आहे. उघडा."

पूर्वीचा मी असतो तर काहीतरी खटपट केली असती. पुठ्ठ्याची झडप लावली असती, खाट फिरवली असती. त्या दिवशी मी विचारलं, "आणखी काही सांगायचंय त्याआधी?"

हिने पडद्यावरच्या एकाही अक्षराकडे बघितलं नाही. खिडकीकडे बघितलं.

मी खिडकीचा पडदा बाजूला सारला. ऊन खाटेवर आलं, हिच्या हातांवर, मग चेहऱ्यावर. कॉम्प्युटरवर 'डोळे सापडत नाहीत' असं दिसायला लागलं. मी त्याचं बटण दाबून ठेवलं आणि तो बंद केला.

"बरं वाटतंय का?" असं तोंडातून निघून गेलं. मग लक्षात आलं की आता ही उत्तर देऊ शकत नाही. पुन्हा विचारलं नाही. स्टूल ओढून हिच्या शेजारी उन्हात बसून राहिलो, लेक येईपर्यंत.